डाव्या गुडघ्याचं ठिगळ

मी, मैदानावर सगळे बटणआजी म्हणतात ती, वय बहात्तर (मुलगा सत्तर सांगतो, पण तो काय माझ्या आधी जन्मला?), धंदा पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण, आता नातीचा डबा, राहणार मैदानामागची गल्ली, वरचा मजला. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

माझी नात आठशे मीटर पळते. काल दुपारी ती पहिली आली. दुसरी पार मागे होती. हे तक्रारीत कुठंच नाही, म्हणून आधी ते लिहून घ्या. पदक गळ्यात पडलं, राष्ट्रगीत सुरू झालं आणि नात डावा गुडघा टेकून बसली. तोंडानं म्हणत होती, एक शब्द गाळला नाही. तक्रारदार हे खेळाडूंच्या संघटनेचे सेक्रेटरी. त्यांच्या मते तो अपमान. तिच्यावर गुन्हा आणि कायमची बंदी, दोन्ही त्यांना हवंय.

ठाण्याचे साहेब भले आहेत. चहा दिला आणि म्हणाले, "आजी, पळून पळून पोरीच्या पायात गोळा आला असेल ना? तेवढं म्हणा, इथंच मिटवतो."

मी म्हटलं, "साहेब, तुमचं दुसरं बटण लोंबतंय."

"आजी, मुद्द्यावर या."

नात बाहेर बाकावर होती. जाऊन विचारलं, "गोळा म्हणू का गं? संघात राहशील."

ती म्हणाली, "आजी, ठिगळ दाखव."

तर मुद्दा असा, की गोळाबिळा काही नव्हता. परवा संध्याकाळी तिनं पँट माझ्यापुढे टाकली. "डाव्या गुडघ्याला आतून मऊ ठिगळ लाव. पदकाच्या चौथऱ्याची फळी टोचते."

मी म्हटलं, "अगं, पदक घ्यायला चाललीस की फरशी पुसायला?"

मग तिनं सगळं सांगितलं. मी दुहेरी ठिगळ लावलं, बाहेरून टाका दिसू दिला नाही. पँट सोबत आणली आहे, ती उलटी करून साहेबांना दाखवली. चिथावणीचं कलम असेल तर माझ्यावर लावा.

कारण असं. चिमणी म्हणजे नातीबरोबर पळणारी मुलगी, वय वीस. मालिशच्या नावाखाली कोच तिला नको तिथे हात लावायचे. तिनं सेक्रेटरींना सांगितलं, तर तिलाच संघातून काढलं. ती या ठाण्यातही आली होती. आधी संघटनेचं पत्र आण, म्हणून परत पाठवली. नात म्हणाली, "आजी, एरवी आमचं कोण ऐकतं? राष्ट्रगीताला सगळे गप्प उभे असतात आणि माझ्याकडेच बघत असतात. चिमणीपण याच झेंड्यासाठी पळायची ना?"

मला एवढं सुचलं नसतं. माझ्या नातीला सुचलं.

लिहून घेणाऱ्या ताईंनी जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'पायात गोळा' आलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे, बरोबर आहे. चिमणीच्या ओळी मी पुन्हा वाचायला सांगितल्या. त्या साहेबांनी स्वतः वाचल्या, मोठ्यानं.