शब्दन् शब्द

औषधांच्या रांगेत पुढे मायलेक होते. मागे उभ्या शिंपीणबाईंचे कान टवकारले.

“डॉक्टरांची भाषा मला येत नाही, म्हणून तुझ्यावर विसंबले. दोन वर्षं म्हणतोस, आराम कर!”

“आई, हळू बोल.”

“आज त्या दुभाषी बाईंनी शब्दन् शब्द सांगितला. डॉक्टर पहिल्यापासून म्हणतायत, भरपूर चाला, जिने चढा!”

“मला भीती वाटायची गं.”

“म्हणून खुर्चीत बसवून लोणचं घातलंस होय माझं?”

“चुकलो. यापुढे त्या बाईंनाच बोलवू.”

“आणि तू बाहेर बसायचंस.”

“बसेन. औषधं घेतली, चल, लिफ्ट आली.”

“तू जा लिफ्टने. आणि ही काठी ने बरं, जिन्यात उगीच पायात येते.”