गौतमीनं उचललेला बेलभंडारा

मंडळी, एक सांगा मला. जगाची राख झालीय, सूर्य दिसत नाही, राजा क्रूर, माणसं भुकेली. असली गोष्ट कुणाला गोड लागेल का? तुम्हाला नाही लागणार. खांबाला टेकून बसलेल्या आबांना तर महाप्रसादाचीच गोष्ट गोड लागते! हसू नका, मलाही लागते. पण तुमच्या घरातली सोळा-सतरा वर्षांची पोरं हेच वाचतायत. ही जाडजूड कादंबरी! त्या राखेत एक पोरगा, एक पोरगी, आणि एकमेकांवर जीव टाकतायत. मग खाऊनपिऊन सुखी असलेल्या लेकराला ही राख का गोड लागावी? आज एवढंच सांगायचंय. मृदंगवाले, जरा हळू घ्या.

ऐका. उत्तमराव घोडके म्हणून एक गृहस्थ. तालुक्याला औषधांचं दुकान. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकुलती एक लेक, गौतमी. पोरगी दहावीत होती तेव्हाच यांनी दुकानाच्या माडीवर तिच्या दवाखान्याची खोली बांधून ठेवली. पोरीला विचारलं का? अहो, रंग कुठला द्यायचा ते विचारलं की!

मग गौतमीला शहरात शिकवणीच्या वसतिगृहात ठेवली. तिथली रीत कशी? दर रविवारी परीक्षा. सोमवारी गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बदलायची. वरच्यांना सोनेरी, मधल्यांना निळी, खालच्यांना तांबडी. सोनेरीवाल्यांनी आधी जेवायचं, तांबडीवाल्यांनी शेवटी, भांड्याच्या बुडाशी उरलेलं. मुलींनी मुलांशी बोलायचं नाही. खिडक्यांना बाहेरून पत्रे ठोकलेले. आणि हे सगळं कशासाठी? तर पोरांच्या भल्यासाठी!

गौतमीची फीत तांबडी झाली. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीनं तिला कादंबरी दिली. कादंबरीत काय? शहराभोवती भिंत. माणसाच्या मनगटावर खूण, कोण वरचा, कोण खालचा. खालच्यानं कुणावर माया करायची नाही, राजाचा हुकूम. एक पोरगी खालची ठरते. आणि एक पोरगा येऊन शेजारी बसतो, खूण बघत नाही, विचारतो, "दमलीस का?" बस्स, एवढंच! एवढ्या दोन शब्दांसाठी आमची गौतमी सगळी राख तुडवत जायची.

रेक्टर बाईंना पुस्तक गादीखाली सापडलं. उत्तमरावांना फोन गेला. ते आले, मुखपृष्ठ बघितलं. पोरगा-पोरगी गालाला गाल लावून उभे! उत्तमरावांच्या पायाखालची वाळू सरकली. म्हणजे पोरीचं कुठंतरी जुळलंय.

गाडीत घातली आणि थेट गावी, खंडोबाच्या देवळात. घोडक्यांच्या घरची चाल आहे, शंका आली की बेलभंडारा उचलायचा. भंडारा हातात असताना कोण खोटं बोलेल?

"उचल," उत्तमराव म्हणाले. "आणि सांग, कोण हाय तो?"

गौतमीनं बेलाचं पान उचललं, वर चिमूटभर भंडारा घेतला. "कुणी नाही, बाबा. खंडोबाची शपथ, कुणीच नाही."

"मग असलं कशाला वाचतीस?"

"त्या पुस्तकात भिंतीला भिंत म्हणतात, बाबा. आणि त्या मुलीला राजाचा राग तरी धरता येतो. मी कुणाचा धरू? तुम्ही तर माझ्यासाठी झिजताय." हातातला भंडारा तसाच. "मला घरी ठेवा. मी इथल्याच कॉलेजात शिकते. मला तिथं जगावंसं वाटत नाही."

गाभाऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या आई शकुंतलाबाई म्हणाल्या, "अहो, ऐका की जरा तिचं."

पण उत्तमरावांचा चेहरा तेव्हाच खुलला होता. "म्हणजे पोरगा नाही? नक्की नाही? मग काय अडचण हाय!" नारळ फोडला, पुजाऱ्याला पेढे दिले आणि दुपारीच पोरगी परत वसतिगृहात नेऊन सोडली.

मंडळी, सांगणाऱ्यानं भंडारा उचलला. ऐकणाऱ्यानं काय उचललं? गाडीची किल्ली!

रेक्टर बाईंनी ते पुस्तक पाणी तापवायच्या बंबात घातलं. गौतमी रडली नाही. त्यानंतर तिनं गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नाही, कुणाशी फारसं बोललीही नाही. फीत निळी झाली, सोनेरी झाली, सोनेरीच राहिली. लांबच्या शहरात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. उत्तमराव फळांची करंडी घेऊन माझ्याकडे आले. "महाराज, पोरीनं नाव काढलं."

मी म्हटलं, "घरी येते का?"

"सुट्टीत सुद्धा अभ्यास असतो तिला. थांबा, तुमच्याशी बोलायला लावतो." फोन लावला, मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. "बाळा, कशी हायेस?"

तिकडून आवाज आला, "वर्गात दुसरी, बाबा."

"अगं ते नाही. तू कशी हायेस?"

"दुसरी, बाबा. पुढच्या वेळी पहिली येते."

उत्तमराव फोनकडे बघत राहिले. तिकडून फोन बंद झाला होता. मग त्यांनी विचारलं, "महाराज, तसलं पुस्तक कुठं मिळंल?" पुस्तक दुकानात मिळतं हो. ज्या पोरीनं ते उराशी धरलं होतं ती कुठं मिळायची? मला त्या माणसाकडे बघवलं नाही.

तर मंडळी, लेकराला राख गोड लागत नाही. त्या राखेत कुणीतरी फीत न बघता त्याच्याजवळ बसतं, ते गोड लागतं. तेवढं घरात मिळालं असतं तर त्यानं जग बुडवून कशाला शोधलं असतं?

आता घरी जाल. पोरगं कोपऱ्यात वाचत बसलं असेल. हिसकावू नका, दप्तर तपासू नका. शेजारी बसा आणि विचारा, तुझ्या गोष्टीतला राजा कोण? पोरानं तुमच्याकडे बघितलं, तर उठून जाऊ नका. माझं कीर्तन विसरलात तरी चालेल, पण तेवढा वेळ तिथं बसून राहा. चला, टाळ घ्या, देवाचं नाव घेऊ.