उष्टी ताटं घेऊन मशीन बघायला

माझं नाव महानंदा, माहेर अंबाजोगाईच्या अंगाचं एक बारकं खेडं, बापाचं किराणा दुकान, आमी लिंगायत वाणी. आमच्या घरात दोन गोष्टी लेकराला चालायला यायच्या आधी शिकवायचे असं म्हणलं तरी चालंल. एक म्हणजे ताटात काय टाकायचं न्हाई. भाताचं शीत ऱ्हायलं तर बाप उठू द्यायचा न्हाई, आन् शेवटाला ताटात घोटभर पाणी वतायचं, बोटानं सगळीकडं फिरवायचं आन् ते पिऊन टाकायचं, कावून म्हणलं तर अन्न हा शिवाचा प्रसाद हाय, तो मोरीत जाऊ द्यायचा न्हाई. आता ते इतकं अंगवळणी पडलंय की इचार करावा लागत न्हाई, हात आपसूक तांब्याकडं जातो. हे ध्येनात ठिवा तुमी, पुढं सगळं ह्याच्यावरच आडलं. दुसरी गोष्ट लिंगपूजा. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठिवायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, मंगच तोंडात घास. तळहात हाच आमचा देव्हारा, दुसरा न्हाई.

लगीन होऊन घाटनांदूरला आले. ह्यांची ठेसनाच्या वाटेला खानावळ, सासऱ्यापास्नंची, चार बाकडी आन् एक मोरी. मोंढ्यातले हमाल, शाळंतले मास्तर, बँकेतले परगावचे लोकं, सगळे जेवायला. भाकरी, झुणका, येसराची, म्हणजे डाळी-धान्य भाजून केलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. सासू भाकरी करायची आन् भांडी माझ्याकडं. सासू गेली तवा भाकरी बी माझ्याकडं आली, पण भांडी काय कुणाकडं गेली न्हाईत. बाई ठिवली की चार दिस यायची आन् मंग तिचं कुणीतरी आजारी पडायचं. येसराची आमटी ताटात वाळली की काय सांगू तुम्हाला, भिताडाला गिलावा धरतो तशी धरती, ती काथ्यानं आन् पावडरीनं घासायची, बोअरचं पाणी खारं, आन् हे रोज, दोन्ही टायमाला, साऱ्या जिंदगीभर.

हात गेले माझे. आधी बोटं सोलली, मंग तळहाताला भेगा पडल्या, मंग भेगांतनं रगत याया लागलं. रबरी मोजे घातले तर आत घाम येऊन आजून आग. अंबाजोगाईच्या डॉक्टरीन बाई म्हणल्या, मावशी, मलम देते, पण तुमी पुना साबणाच्या पाण्यात हात घातला तर मलम मोरीत जाईल आन् भेग तशीच ऱ्हाईल. मी म्हणले, बाई, मंग भांडी कोण घासंल? त्यांनी मलमाची आजून एक टूब लिहून दिली.

भाकरी थापताना दुखायचं ते मी सोसलं. पण सकाळी लिंग हातावर घेतलं, पाणी घातलं, भस्माचं बोट लावलं, की जी आग व्हायची, डोळ्यातनं पाणी यायचं, आन् चित्त देवाकडं कुठलं, सगळं भेगंकडं. एकदा तर हात झटकला मी आन् लिंग मांडीवर पडलं. लई रडले त्या दिशी. आमच्या जंगम स्वामींना इचारलं, ते म्हणले, आई, हातावर कापडाची घडी ठिवा, त्याच्यावर लिंग घ्या, शिव काय रागवत न्हाई. तो रागवत नसंल हो, पण मला बरं वाटायचं न्हाई. नातवंडाला फडक्यातनं हात लावल्यावानी वाटायचं. मला एकच पायजे हुतं, मरायच्या आधी माझा तळहात मला परत पायजे हुता.

माझी लेक सुनंदा पुण्याला हाय, नोकरी करती. ती दिवाळीला आली, तिनं कापडावरची पूजा बघितली, आन् पुण्याला गेल्यावर म्हैन्याभरात भांडी घासायची मशीन घिऊन आली गाडीत घालून. घरातली मशीन, पांढरी, लई देखणी. म्हणली, आई, आता तू मोरीत बसायचं न्हाई. पहिल्या दिशी तिनं घरातल्या सगळ्यांची ताटं लावली, बटन दाबलं, दोन तासांनी दार उघडलं तर काय, ताटात तोंड दिसत हुतं! ह्यांनी शेजारच्या लोकांना बोलवून दाखवलं. पोरगी खुशीत पुण्याला गेली.

आन् दुसऱ्या दिशी गिऱ्हाईकांची ताटं लावली. दार उघडलं तर येसर तसंच, हळदीचं पिवळं कडं तसंच, वर आजून पांढरे डाग. ह्या ताटाचा झुणका त्या ताटाला. आमी पावडर बदलली, ताटं कमी लावली, दोनदा फिरवली. फिरंस्तवर दुपारची पंगत उठून रातची बसायची. मी काय करायचे, मशीनीतनं काढायचे आन् गुपचूप मोरीत नेऊन हातानं घासायचे, ह्यांना कळू न देता, लेकीला तर न्हाईच न्हाई. फोनवर तिनं इचारलं की म्हणायचे, बाई, एकदम झकास.

किती दिस झाकणार? बँकेतले एक सायेब रोज यायचे, भला माणूस, कधी मिठाचं सुदीक नाव काढलं न्हाई. एक दिवस मी तापानं पडले हुते, ह्यांनी मशीनीतली ताटं तशीच वाढली. सायबांनी ताटावरनं बोट फिरवलं, बोट बघितलं, खिशातला रुमाल काढून ताट पुसलं, जेवले, आन् दुसऱ्या दिवसापास्नं आलेच न्हाईत. ह्यांना ते लई लागलं. रातभर नुसते ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. सकाळी म्हणले, खानावळीला खानावळीची मशीन पायजे, हे घरातलं खेळणं आपल्या कामाचं न्हाई. नवी काय आपल्याला झेपत न्हाई, जुनी बघू.

लातूरला बंद पडलेल्या हाटेलांचं सामान इकणारे एक चाचा हायेत, त्यांच्याकडं दोन मशीनी हायेत असं मोंढ्यात कुणीतरी सांगितलं. हे म्हणले, मी उष्टी ताटं घेऊन जातो, तिथंच धुवून बघतो, मला कोण फसवतंय. मला कौतुक वाटलं, म्हणलं, वा, डोकं चाललं म्हाताऱ्याचं. सकाळी आमी दोघं जेवलो, ह्यांनी दोन ताटं, दोन वाट्या पिशवीत घातल्या आन् गेले. सांजच्याला आले ते नवरदेवावानी. म्हणले, काचेच्या दाराची मशीन हाय, आत निळा दिवा लागतो, ताटं अशी निघाली की इचारू नको, मी शब्द देऊन आलोय, उद्याच्याला टेम्पो पाठवायचा.

मी भाकरी थापत हुते, माझा हात तसाच थांबला. मी म्हणले, ताटं कुणाची नेलती? म्हणले, आपलीच की, सकाळी जेवलेली. मी म्हणले, धुवून पिलेली? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. ओ आप्पा, मी म्हणले, त्या ताटाला हुतं काय मशीनीनं धुवायला, ते तर आपुन पोटात धुतलं! मला असं हसू फुटलं की काटवटीवर डोकं टेकलं. हे चिडले, म्हणले, उष्टी तर हुती का न्हाई? आन् हसता हसताच माझ्या डोक्यात उजेड पडला, सुनंदाच्या मशीनीचं बी हेच झालंतं. पहिल्या दिशी तिनं लावलेली ताटं आमच्या घरचीच, तिनं बी लहानपणापास्नं ताट धुवून पिलेलं. आमी आख्ख्या घरानं मिळून त्या मशीनीला पास केलतं. मी म्हणले, टेम्पो थांबवा, शब्द मोडल्याचं माझ्यावर ढकला, परवा मी सोता येते.

दुसऱ्या दिशी दुपारची पंगत उठली की मी एकाही ताटाला पाणी लागू दिलं न्हाई. झुणका, येसर, चटणीचं तेल, सगळं वाळू दिलं. हमालांची ताटं निवडून घेतली, ते कालवून खातेत. बादलीत भरली, वर फडकं बांधलं, शिवाय बुडाला लागलेली एक कढई, आन् पुढच्या दिशी सकाळच्या एस्टीत बसलो. बाईमाणूस पोरगी बघायला जाताना कसं नवं लुगडं नेसतं, तसं नेसलेते मी, आन् मांडीवर उष्ट्याची बादली. कंडक्टर म्हणला, मावशी, वास कशाचा येतोय, सोयरिकीला चाललाव का काय? मी म्हणले, व्हय बाबा, मशीन बघायला. ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं, जणू मी त्यांची कुणीच न्हाई.

चाचांनी बादलीवरचं फडकं काढलं आन् कपाळाला हात लावला. म्हणले, भाभी, लोगां मिस्तरी लेके आते, तुमे जूठे बर्तनां लेके आये! मी म्हणले, चाचा, मिस्तरी मशीन बघंल, मला ताट बघायचंय. लावली निळ्या दिव्याची मशीन. दार उघडलं तर झुणका जिथल्या तिथं, नुसता भिजलेला. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. चाचा बी वरमले, म्हणले, ही चहाच्या हाटेलातली हाय, कपबश्याच धुवल्यात हिनं, त्या दिशी आप्पांची ताटं तिनं धुतली तवा मलाच नवल वाटलं.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली आजून एक हुती. मी म्हणले, ती? चाचा म्हणले, ती बघू नका, कॉलेजच्या मेसमधली हाय, झाकण चेपलंय, आवाज लई करती, गिऱ्हाईक बघूनच पुढं जातंय. मी म्हणले, मेसमधली? पोरांची ताटं धुवलीत हिनं? मंग तीच लावा. देखण्या मशीनीचा आमाला अनुभव हाय. पाणी तापायला लई येळ लागला, चाचांनी चहा पाजला. मंग चाचांनी झाकण खाली वडलं, आन् असा आवाज, असा आवाज की ह्यांनी कानावर हात ठिवले. पण दोन-तीन मिनिटांतच थांबली. झाकण वर केलं तर नुसती वाफ, आन् वाफेतनं ताटं. ताट इतकं तापलेलं की पदरानं धरलं. येसर जिथं वाळलं हुतं तिथं नख फिरवलं, नखाला काय लागलं न्हाई. नाकाशी धरलं, वास न्हाई. वाट्या तेवढ्या खराब निघाल्या, तर चाचांनी दाखवलं की मी उताण्या ठिवल्यात, पाणी खालनं येतं, पालथ्या घाला. पालथ्या घातल्या, निघाल्या. कढई काय निघाली न्हाई, ती निघणारच न्हवती.

चाचांनी माझ्या हाताला भेगांवर बांधलेल्या पट्ट्या बघितल्या, म्हणले, भाभी, हाथ को क्या हुआ? मी सांगितलं, कापडाचं बी सांगितलं, कुणाला सांगत नसते, पण सांगितलं. त्यांनी मशीनीच्या झाकणावरनं हात फिरवला. मंग म्हणले, बोअरचं पाणी घातलं तर हिच्या बी हाताला भेगा पडतील, खाऱ्या पाण्यानं आत दगड बसतो, नळाचं पाणी टाकीत साठवून घाला. आन् टेम्पोसंगं ते सोता आले बसवायला. दुपारी आमच्यातच जेवले.

आता पावसाळा उलटून गेला. मशीनीचा आवाज ठेसनापस्तोर जातो, लोकं म्हणतेत गाडी आली का काय. लाईट गेली की तिचा खोळंबा हुतो, मंग ताटं तशीच थांबतेत, पण मी मोरीत बसत न्हाई. कढया हे घासतेत. व्हय, हे! आधी गिऱ्हाईक जाईस्तवर थांबायचे, आता सगळ्यांदेखत घासतेत, आन् माझ्यापरीस बरी घासतेत. बँकेतले सायेब एकदा रस्त्यात भेटले तर ह्यांनी हाताला धरून आणलं, ताट पुढं ठिवलं आन् म्हणले, सायेब, बोट फिरवा. सायेब लाजले बिचारे, पण आता रोज येतेत. सुनंदाची पांढरी मशीन घरात हाय, आमच्या दोघांच्या ताटांना ती लई हुशार हाय.

तळहात काय एका दिशी बरा झाला न्हाई. मलम टिकाया लागलं, मंग एक भेग मिटली, मंग दुसरी. आंगठ्याखालची आजून हाय, थंडीत कुरकुर करती. मागल्या सोमवारी पूजंला बसले, हातावर कापडाची घडी ठिवली, आन् काय वाटलं काय म्हाईत, काढून ठिवली. उघड्या हातावर लिंग घेतलं. पाणी घातलं. आग व्हईल म्हणून डोळे गच्च मिटून घेतलेते मी. आग झाली न्हाई हो. थंड लागलं, नुसतं थंड. किती वरसानं माझ्या हाताला देव लागला. रडू आवरंना, तर शेजारी हे डोळे झाकून पूजंला बसलेले, त्यांनी डोळे न उघडताच तांब्या माझ्याकडं सरकवला. म्हणजे बघत हुते.

ते कापड धुवून ठिवलंय, हे त्यानं चष्मा पुसतेत. चला, तुमी इतकं ऐकलं, आता जेवून जा, येसराची आमटी हाय, भाकरी ह्याच हाताची हाय. पोटभर जेवा, टाकू काय नका, पण ताट मातर धुवून पिऊ नका, मशीनीला कायतरी ऱ्हाऊ द्या. तुमच्या तळहाताला कधी भेग न पडो.