चापाचा परवाना

त्या बुधवारी सुमन, माझी बायको, धुणं वाळत घालत होती, तेव्हा अमेरिकेहून तिच्या भावाचं पत्र आलं. आदल्या वर्षी त्याने तिला नेमबाजीसाठी दोन्ही टोकांना छोटी चाकं लावलेलं नव्या पद्धतीचं धनुष्य आणून दिलं होतं. दोरी ओढून तिची बोटं सोलून निघत, म्हणून आता तो दोरी पकडून सोडणारी कळ पाठवणार होता. मनगटाला बांधायच्या पट्ट्याची हवी की बंदुकीसारख्या चापाची, एवढंच कळवायचं होतं.

"चापाची," सुमन लगेच म्हणाली.

इतक्या सरळ उत्तरावर नवरे थांबत नाहीत. मी भिंगारच्या एका निवृत्त सुभेदारांचा सल्ला घेतला.

"चाप आला म्हणजे बंदूकच, मास्तर. परवाना काढा."

परवान्यासाठी गेलो, तर कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "बान कुठवर जातो?"

"नेमाचं पोतं फोडून मागच्या भिंतीत घुसतो."

"त्याला काय लागत न्हाई. चाप केवढा?"

"अंगठ्याएवढा."

"मग वर विचारावं लागंल. तवर मागवू नका."

घरी सुमन म्हणाली, "म्हणजे बाण बोकडाच्या आरपार गेला तर चालतं, माझी बोटं वाचली तर सरकारला धोका! आणि अहो, सुभेदारांची बोटं कशी आहेत?"

"ठीक आहेत."

"मग त्यांना कसली घाई!"

सरकार विचारात पडलं. सुमन बोटांना चिंध्या गुंडाळून नेम मारत राहिली. उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

त्यानंतर सरकारचं उत्तर आलं. परवाना लागत नाही.

चापाची कळ हवी, हे तिच्या भावाला कळवायचं राहून गेलं.