ठमाबाईची गाठ

(चौलच्या पुढे, रेवदंड्याच्या वाटेवर, सुरूच्या बनात उभी केलेली, आत झोपायची सोय असलेली कॅम्पर गाडी. पाठीमागच्या लोखंडी जाळीवर ताडपत्रीत बांधलेलं ओझं. ताडपत्री अर्धी सोडलेली. सकाळ.)

चांगदेव : ही माजी मोटरसायकल न्हाय.

ठमाबाई : चहा निवतोय. आधी चहा घ्या.

चांगदेव : ठमा, मी काय बोलतोय? ताडपत्रीखाली माजी गाडी न्हाय. नातीची सायकल हाय. तिच्यावर उशी बांधलीय. खाली पान्याचे कॅन लावलेत.

ठमाबाई : दिसतंय मला.

चांगदेव : रात्री चोर आला व्हय? मोटरसायकल नेली आनि माजी झोप मोडू नये म्हनून वर उशी ठेवून गेला?

ठमाबाई : चोर न्हाय आला. उरणास्नं निघालो तवाच सायकल होती.

चांगदेव : काय?

ठमाबाई : निघतानाच ती सायकल होती. मोटरसायकल आलीच न्हाय आपल्यासंगं.

चांगदेव : आलीच न्हाय म्हंजे? अगं, सबंध रस्ता मी आरशात बघत आलो तिला! वडखळचा एकेक खड्डा चुकवला. पोयनाडला पाठची लोकं हॉर्न मारून मारून दमली. मी म्हटलं मारा, माजी लाल गाडी हाय पाठी, मी हळूच जानार. आनि मी कुनाला सांभाळत होतो? उशीला?

ठमाबाई : बसा जरा. गुडघ्यावर भार देऊ नका.

चांगदेव : गुडघ्याचं नाव काढू नको! कार्लेखिंडीत थांबलो तवा मी तुला काय विचारलं?

ठमाबाई : आठवतंय.

चांगदेव : मंग बोल ना. काय विचारलं?

ठमाबाई : हालत न्हाय ना गं, असं विचारलंत.

चांगदेव : आनि तू खाली उतरलीस. पाठी गेलीस. परत येऊन काय म्हनालीस?

ठमाबाई : घट्ट बसलीय, चला, म्हनाले.

चांगदेव : घट्ट बसलीय! आनि मी तुला पानी दिलं, दमली असशील म्हनून. अगं, चहाच्या टपरीवर त्या मान्साला मी सांगितलं, आमी नवरा-बायको असेच फिरतो, मोठी गाडी लावायची सुरूत, मंग लहान गाडी काढायची, हिला पाठी बसवायची, जिथं मोठी शिरत न्हाय तिथं जायचं. तू बाजूला भजी खात होतीस. हसलीस पन.

ठमाबाई : हसले व्हय. रडले असते तर तिथंच कळलं असतं तुमाला.

चांगदेव : हे तुजं डोकं न्हाय. हे त्या हितेशचं काम हाय. आन तो फोन. आन इकडं.

ठमाबाई : सकाळी सकाळी पोराला कशाला…

चांगदेव : आन म्हटलं ना! …हॅलो? हितेश, माजी गाडी कुठं हाय?

हितेश : पप्पा? ओ शिट. बघितलीत काय तुम्ही?

चांगदेव : बघितली. तुज्या पोरीची सायकल लई छान हाय. माजी कुठं हाय?

हितेश : सेफ आहे. चंदरमामाकडे पेणला, त्याच्या पडवीत. विकली बिकली नाय हां, टेन्शन घेऊ नका.

चांगदेव : बापाला फसवतोस? चाळीस वर्षं ट्रक चालवला मी. पोलिसाला फसवलं न्हाय कवा, आनि तू मला…

हितेश : पप्पा, एक मिनिट. मी तुम्हाला सांगून गाडी काढून घेऊ बोललो होतो. क्लिअर बोललो होतो, समोर बसून बोलू, चिडतील, दोन दिवस जेवणार नाय, मग ऐकतील. तुमची सून प्राप्तीपण हेच बोलली. झाकून पाठवायची आयडिया माझी नाय.

चांगदेव : मंग कुनाची?

हितेश : …आई आहे का बाजूला?

चांगदेव : कुनाची?

हितेश : तुम्ही आईशीच बोला ना. मी नंतर लावतो.

चांगदेव : …ठेवला त्यानं.

ठमाबाई : माजीच. सायकल माजी, उशी माजी, बांधलं पन मीच.

चांगदेव : बांधलंस तू, ते मला कळलं गं. सोडताना हाताला कळलं. मिठागरावरची गाठ हाय, तुज्या बापाची. अशी गाठ दुसऱ्या कुनाला येत न्हाय.

ठमाबाई : चहा परत गरम करते.

चांगदेव : ऱ्हाऊ दे चहा. ऐक. ट्रकवर मी किती क्लीनर ठेवले? माल बांधला की उतरून प्रत्येक गाठ मी ओढून बघायचो. सख्ख्या भावानं बांधली तरी ओढून बघितली. रागावला तो, तरी बघितली. आनि ही कॅम्पर घेतल्यापासनं गाडी तू बांधतेस. कवा हात लावला मी तुज्या गाठीला?

ठमाबाई : न्हाय.

चांगदेव : एकदा तरी?

ठमाबाई : न्हाय लावला. म्हनून तर जमलं.

चांगदेव : हे तू तोंडानं बोलतेस?

ठमाबाई : मंग काय करू? खोटं बोलून झालं माजं. आता खरंच बोलते.

चांगदेव : केसानं गळा कापलास तू माजा. दुसऱ्या कुनी केलं असतं तर मारलं असतं मी. तुला काय करू?

ठमाबाई : शिव्या द्या. त्या रेवदंड्यापर्यंत ऐकू जाऊ देत. पन माजं पन ऐका. मागच्या खेपेला नांदगावच्या वाळूत काय झालं?

चांगदेव : ते आपलं आपल्यात ऱ्हायचं ठरलं होतं.

ठमाबाई : गुडघा दगा देऊन गेला तुमचा. पाय टेकायला गेलात, टेकला न्हाय. गाडी माज्या हातावर. आनि तिथंच, वाळूत पडल्या पडल्या, तुमी काय म्हनालात? पोराला सांगू नको, शेवाळावर घसरले असं सांग.

चांगदेव : तू सांगितलंस त्याला.

ठमाबाई : सांगितलं.

चांगदेव : म्हंजे ते पन.

ठमाबाई : प्राप्तीनं बघितलं, भाकरी थापायला मला हात वळत न्हाय. किती दिवस शेवाळ शेवाळ करू? सांगितलं एकदा सगळं, आनि खरं सांगू? हलकं वाटलं मला.

चांगदेव : मला सोडून सगळ्यांना ठाऊक. सुनेला ठाऊक, मेव्हन्याला ठाऊक. गुडघा माजा, गाडी माजी, आनि खुळा पन मीच. आनि ही एवढी मोठी चालवतो ती चालते तुमाला?

ठमाबाई : ही आपली आपन उभी ऱ्हाते. तिला उभं ठेवायला तुमचा गुडघा लागत न्हाय.

चांगदेव : तोंडावर सांगायचं होतंस.

ठमाबाई : ऐकलं असतंत?

चांगदेव : न्हाय. भांडलो असतो. भांडी फेकली असती.

ठमाबाई : आनि घरात बसला असतात भिंतीकडं तोंड करून. गाडीशिवाय तुमी निघत न्हाय, गाडीवर बसलात तर पडताय. मला तुमाला बाहेर काढायचं होतं. वाटलं, एकदा इथं पोचलो, समुद्र बघितला, की सांगीन. काल सांगनार होते. तुमी मच्छी आनलीत, गानी म्हनत बसलात. मंग सकाळवर ढकललं.

चांगदेव : आनि सकाळी मी उठलो तुला कोर्लईला न्यायला. त्या गावातल्या गल्लीत ही मोठी शिरत न्हाय, म्हनून आनली होती तिला. दीपगृहापर्यंत नेतो म्हटलं होतं. तूच म्हनाली होतीस, एकदा वरून दोन्ही बाजूचं पानी बघायचंय.

ठमाबाई : मला काय सोस न्हवता पाठी बसायचा? सगळ्या जन्मात तेवढंच एक सुख केलं मी. चंदर न्यायला आला तवा ओल्या फडक्यानं पुसून दिली तिला, आरशासकट. तो म्हनाला, ताय, रडतेस कशाला, गाडीच हाय.

चांगदेव : कुठल्या हातानं पुसलीस?

ठमाबाई : ह्याच.

चांगदेव : आनि ही गाठ? एवढी घट्ट बांधलीस, ती पन ह्याच हातानं?

ठमाबाई : दुसऱ्या हातानं येत न्हाय मला.

चांगदेव : दुखला असंल.

ठमाबाई : लई दुखला.

चांगदेव : तरी बांधलीस.

ठमाबाई : सैल ऱ्हायली असती तर रस्त्यात तुमाला कळलं असतं. चला, रिक्षानं जाऊ आपन कोर्लईला. मी विचारते नाक्यावर.

चांगदेव : रिक्षानं तू जा.

ठमाबाई : मंग हितेशला सांगते. दुपारपर्यंत चंदर गाडी घेऊन येतो. मी पाठी बसते. पडलो तर पडलो.

चांगदेव : नको आनू.

ठमाबाई : आता मीच म्हनते ना आना म्हनून?

चांगदेव : गाडीचं काय न्हाय गं. गुडघा माजा मला कळतो, तुमच्या आधी कळतो. आज ना उद्या मीच चंदरला बोलावलं असतं. पन ती येऊन काय? बांधनार कोन तिला?

ठमाबाई : मीच बांधीन. आजवर कोन बांधत होतं?

चांगदेव : चल. घरी जाऊ.

ठमाबाई : चहा?

चांगदेव : ओत वाळूत. नातीची सायकल हाय, रस्त्यात पडायला नको. नीट गुंडाळ.

ठमाबाई : तुमी बसा पुढं. मी करते… झालं. ताडपत्री ओढली, दोरी बांधली. चाकाखालचे दगड पन काढले. अवो, चालू करा गाडी.

चांगदेव : थांब जरा.

ठमाबाई : उतरताय कशाला? गुडघा सांभाळा. काय ऱ्हायलं?

चांगदेव : काय न्हाय. गाठ ओढून बघतो.