मोरपंखी वाकळेतले लाल रफू

जबाब
दि. २१/०१/२०२६, वेळ दुपारी १२.४०

मी, पौर्णिमा राजपाल ओव्हाळ, वय ३९ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. ढोकी, पिठाच्या गिरणीसमोर, ता. जि. धाराशिव, ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी मुलगी दीपाली हिच्यासह राहते. पती नोकरीनिमित्त लातूरला असतात, महिन्यातून दोनदा येतात.

मी चार वर्षांपासून इंटरनेटवर 'धावदोरा' नावाचा ब्लॉग लिहिते. जुन्या साड्यांच्या वाकळा शिवते, आणि ती साडी कोणाची, कधी नेसलेली, ते त्यात लिहिते. ब्लॉगवर माझे नाव, गाव, फोन नंबर नाही. फोटो मागच्या कोऱ्या भिंतीला वाकळ टांगून काढते. त्यात माणूस, दार, खिडकी येऊ देत नाही. मोबाईलचे लोकेशन दीपालीने बंद करून दिले आहे. या खबरदारीचा मला ताठा होता, हेही लिहून घ्यावे.

दि. ०९/११/२०२५ रोजी दुपारी माझी मावसबहीण वृषाली, वय २६, ही परंडा तालुक्यातल्या सासरहून एसटीने माझ्याकडे आली. सोबत एक पिशवी, त्यात तीन साड्या. डाव्या हाताला प्लास्टर होते. मी चहा केला. त्या दिवशी काही विचारले नाही. नंतर तिने जे सांगितले ते तिच्या जबाबात येईल. ती माझ्याकडे आहे हे आम्ही घराबाहेर कोणाला सांगितले नव्हते.

प्लास्टर निघाल्यावर ती वाकळ शिवायला बसली. त्यासाठी तिने स्वतःची मोरपंखी इरकल कापायला घेतली. मी म्हणाले, "चांगली साडी हाय, ऱ्हाऊ दे." ती म्हणाली, "अक्का, ही आता अंगावर नको. अंगाखाली चालंल." ती साडी तिची सासू मथुराबाई यांनी स्वतःच्या पेटीतून काढून लग्नात दिली होती. खिळ्याला लागून काठाजवळ फाटली होती, तिथे लाल दोऱ्याने रफू केलेले होते. मला ते देखणे वाटले. दि. ०५/०१/२०२६ रोजी मी वाकळेचा फोटो ब्लॉगवर टाकला, तेव्हा रफू मुद्दाम मधोमध घेतले. खाली लिहिले की, ही जिने शिवली ती आज दोन महिन्यांनी खळखळून हसली. वीस वर्षे शिवणकाम करते. ढिगातून मला माझा टाका ओळखू येतो. दुसरीलाही तिचा येत असेल, हे त्या दिवशी डोक्यात आले नाही.

दोन दिवसांनी 'सिताबाई' या नावाने ब्लॉगवर प्रतिक्रिया आली. लेक बाळंतपणाला आली आहे, अशीच वाकळ हवी, असे त्यात होते. चार वर्षांत मी कोणाला नंबर दिला नव्हता. पण बाळासाठी मागितलेल्या वाकळेला आमच्या घरात कोणी नाही म्हणत नाही. मी नंबर दिला. दि. १२/०१/२०२६ रोजी सकाळी फोन आला. आवाज वयस्कर बाईचा, गोड होता. "लेकीला सातवा सरलाय बाई. म्या येऊन बघून जाते, कुठं यायचं तेवढं सांग." मी गाव सांगितले. पिठाची गिरणीही सांगितली. पत्ता कोणी काढून घेतला नाही, मीच दिला.

दि. १८/०१/२०२६, रविवारी सकाळी ११.३० वाजता मथुराबाई आणि वृषालीचा नवरा प्रसेनजित मोटारसायकलवर आले. मी त्यांना लग्नात एकदाच पाहिले होते, ओळखले नाही. दीपाली क्लासला गेली होती. वृषाली आतल्या खोलीत होती. मी वाकळ पुढे ठेवली. मथुराबाईंनी ती उलगडली, चाचपत रफूवर बोट आणले आणि म्हणाल्या, "हे माझ्या हातचं हाय. सून कुठंय?"

मी म्हणाले, जुन्या कपड्यांत आलेली साडी आहे. मोठ्याने म्हणाले, आत ऐकू जावे म्हणून. प्रसेनजितने पाणी मागितले. मी दिले. तो खुर्चीवर बसला. दाराशी माझ्या चपलांशेजारी वृषालीच्याही होत्या, त्याने त्या पाहिल्या. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. एक तास दहा मिनिटे दोघे बसून होते. मी मशीनवर बसले होते, सुईत दोरा जात नव्हता. मागचे दार वाजले की नाही, हे मला कळले नाही. निघताना त्याने वाकळ घडी करून काखेत घेतली व म्हणाला, "लिहीत जावा ताई. लई छान लिहिता. आमी समदं वाचतो."

वृषाली त्या वेळी मागच्या दाराने शेजारी गेली होती. सासरी ती नवऱ्याच्या फोनवर माझा ब्लॉग वाचायची, हे तिने मला नंतर सांगितले. त्याच दिवशी तिला दुसरीकडे पोचवले आहे. तेव्हापासून सलग तीन दिवस तीच मोटारसायकल गिरणीसमोर उभी दिसते. दीपाली आता एकटी बाहेर जात नाही. ब्लॉगवरचा फोटो तिने काढून टाकला. तरी आज सकाळी ब्लॉगवर विनानावाची प्रतिक्रिया आली, "वाकळ घरी पोचली. आता शिवणारी तेवढी यायची ऱ्हायली." त्याची प्रत सोबत देत आहे. मला भीती वाटते. माझी कमी, वृषालीची जास्त. माझ्यामुळे तिचा ठिकाणा लागला, ही गोष्ट मला जेवू देत नाही.

हवालदार मॅडमनी वृषालीचा सध्याचा पत्ता विचारला. तो मला माहीत आहे. तो या कागदावर येऊ नये अशी माझी विनंती आहे, कारण जबाबाची नक्कल पुढे समोरच्यांनाही मिळते असे मला मॅडमनीच सांगितले. पत्त्याची जागा भरायची असेल तर माझाच पत्ता लिहावा, तो त्यांना पाठ आहे. वृषालीला मॅडमनी स्वतः, साध्या कपड्यांत येऊन भेटावे. मी सोबत येईन.

जबाब वाचायला सुरुवात झाली तेव्हा प्रसेनजित ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला होता. मी मॅडमना थांबवले. त्यांनी उठून दार लावले, आणि हा जबाब मला अगदी हळू आवाजात वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
(पौ. रा. ओव्हाळ)