नदीच्या वळणावरची गाठ

…नाही, आधी शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून. बरं, दोन म्हणा. त्या कुठल्या ते शेवटी सांगीन, मध्ये विचारू नका, कारण मी आधीच वैतागलोय, आणि वैतागू नको तर काय करू? माणसाच्या स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्या टेबलाशेजारी, स्वतःचा साडू आणून बसवला तर त्यानं जायचं कुठं, तुम्हीच सांगा.

आमचं ऑफिस नकाशांचं. पूर्वी मी सगळं हातानं काढायचो, शाई, पेन, मान अवघडेपर्यंत. मग नकाशाचं सॉफ्टवेअर आलं आणि लोक म्हणाले, काकांचं काम संपलं. कसलं संपतंय! पडद्यावर नदी अशी झोकात वळायची, आणि छापून आली की जिना. अक्षरशः पायऱ्या. पाण्याला खाली उतरायला जिना लागतो का हो? हद्दीच्या तुटक रेघा कोपऱ्यावर आल्या की एकमेकींच्या अंगावर पडायच्या, आणि बारीक पायवाटा प्रिंटरात शिरायच्या त्या कागदावर पोचायच्याच नाहीत. मग सगळे येणार कुणाकडे? "काका, एवढी नदी नीट करा ना." "काका, ही पायवाट कुठं गेली हो?" मी पेन उचलायचो, निबेवर फुंकर घालायचो, आणि जिन्याची परत नदी करून द्यायचो. लोक खुर्चीमागे श्वास धरून उभे. एकदा तर पेन खाली ठेवलं आणि नदीचा खळखळाट ऐकू आला. आता खळखळाट नसेलही, वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला असेल, पण ऐकू आला एवढं नक्की.

आणि पुढच्या दालनात, आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर, शहराचा भला मोठा नकाशा. माझा. आल्यागेल्याला साहेब थांबवून सांगायचे, "ही नदी बघा, आमच्या काकांचा हात."

तर तिथे आला हा. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला साहेबांनी शोधून शोधून कुणाला शोधावं? बरं, आला तोही पाया पडून. "दादा, तुमच्याच हाताखाली आहे असं समजा." मग म्हणतो, "मुळात हे सॉफ्टवेअर प्रिंटरला रेघ पाठवतच नाही. पडद्याचा फोटो काढतं आणि तो पाठवतं. फोटो ताणला की पायऱ्या दिसणारच. आपण रेघ ही रेघ म्हणूनच पाठवू." इतकं सोपं करून सांगितलं की मलासुद्धा कळलं. राग त्याचाच जास्त आला.

मग एक दिवस पहिला कागद बाहेर आला. नदी अशी, की बोट फिरवावंसं वाटावं. तुटक रेघा कोपऱ्यावर शहाण्यासारख्या वळल्यात, पायवाटा केसाएवढ्या, पण एकही गाळलेली नाही. सगळं ऑफिस त्याच्या खुर्चीमागे, श्वास धरून. माझ्या खुर्चीमागे भिंत. पण मला काय त्याचं? मला काहीच वाटलं नाही.

घरी आलो तर बायकोला बातमी आधीच पोचलेली. "आमच्या धाकटीचे हे म्हणे दोन महिन्यांत सगळं सुधारणार. तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात हो?" मी म्हटलं, सुधारतच होतो. "ते हातानं," ती म्हणाली, आणि ते 'हातानं' असं म्हणाली, जसं कुणी पायानं म्हणेल. सासूबाई फोनवर, "धाकटे जावई मोठे हुशार निघाले." म्हणजे मोठे जावई काय निघाले? मी विचारलं नाही. मला काय त्याचं?

आणि मग साहेबांनी जाहीर केलं, दालनातला जुना नकाशा उतरवायचा, साडूचा लावायचा. माझी भिंत. तरीही मला काहीच वाटलं नाही. मी नुसतं भिंग काढलं.

नवा नकाशा दालनातल्या टेबलावर पसरून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांसमोर मी त्यावर भिंग फिरवतोय, फिरवतोय… आणि पुलाच्या अलीकडे, नदीच्या वळणावर, गाठ. चांगली काळी, उडदाएवढी. "साहेब, जरा येता का? नदीला गळू झालंय."

साहेब वाकले. सगळे वाकले. मनात माझा नकाशा परत खिळ्यावर चढलासुद्धा. मग साडू पुढे आला. त्यानं गाठीला बोट लावलं, बोट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात खिशात घातला. म्हणाला, "साहेब, हे दादांचंच आहे. वळण कसं असावं हे मशीनला शिकवायला मी भिंतीवरचा त्यांचाच नकाशा वापरला. जिथं त्यांचं पेन क्षणभर थांबलं, तिथं मशीनही थांबलं. मी मुद्दाम पुसलं नाही."

 साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "राहू द्या ती गाठ. आणि खाली दोघांची नावं घाला." लोकांनी माझी पाठ थोपटली हो! आता तोच नकाशा भिंतीवर आहे, आणि साहेब आल्यागेल्याला थांबवून नदी दाखवत नाहीत, गाठ दाखवतात.

आता त्या दोन जागा. पहिली, मला काहीच वाटलं नाही, ही. ती तुम्ही ओळखलीच असेल. दुसरी, मशीन माझ्या वळणावरून शिकलं, ही. मशीन कसलं शिकतंय? गाठ जेवणाच्या सुट्टीत मीच घातली होती, माझ्याच पेनानं, आणि साडूनं बोट लावलं तेव्हा शाई ओली होती.

पण ती थाप मी नाही रचली. त्यानं रचली, उभ्या उभ्या, शाईचं बोट खिशात ठेवून. आख्ख्या गोतावळ्यात थाप मारावी तर मीच, एवढी एक गोष्ट माझी उरली होती. तीही त्यानं मारली… आणि इतकी गुळगुळीत, की भिंग लावून बघितलं तरी जोड सापडत नाही.